जेलची बाटली

जेलची बाटली माझ्याकडे असते.
गाडीत ठेवली तर गोठते,
पेटीत ठेवली तरी गोठते,
पोटाशी ठेवा, म्हणतात डॉक्टर अर्युंगेरेल.
म्हणून अकरा हिवाळे
डगल्याच्या आत, कंबरपट्ट्याच्या वर, उजव्या अंगाला
मी ती उबवत आलोय.
कोंबडी अंडं उबवते म्हणे, तशी.
आमच्याकडे कोंबड्या नाहीत.

गाडी रशियन, करडी, माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या वयाची.
तिच्यात एक घडीचा पलंग, रक्ताच्या नळ्या,
आणि सोनोग्राफीचं ते यंत्र, शाळेच्या दप्तराएवढं.
रस्ता असा नसतोच.
आधी गेलेल्या कुणाच्या तरी चाकांच्या खुणा असतात,
त्याही वाऱ्याच्या मनात असतील तर.

खिंडीत दगडांची रास आहे, निळी कापडं बांधलेली.
तिला तीन फेऱ्या घालायच्या, एक दगड वाढवायचा.
घाई असेल तर तीनदा हॉर्न वाजवला तरी
डोंगर समजून घेतो.
आम्हाला कायमच घाई.

दिवसाला चार तंबू, फार तर पाच.
बायका मेंढ्या मोजाव्यात तशी दुखणी मोजतात:
कमरेचं एक, गुडघ्यांची दोन,
आणि एक सांगण्यासारखं नाही,
ते नवरा बाहेर गेल्यावर.
मग मी नवऱ्याला बाहेर नेतो,
इंजिनात जरा बघा हो काय वाजतंय, म्हणून.
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

त्या दिवशी, शेवटच्या तंबूत,
म्हातारा खुरेलचुलून आडवा व्हायला तयार होईना.
सत्तर वर्षं कुणी आत डोकावलं नाही, आता कशाला?
त्याची बायको दुलमा चहात मीठ टाकत म्हणाली,
लांडग्याला भ्यायला नाही कधी,
दप्तराला भितोय.
म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट केलं.
आधी ह्याला झोपवा.

मी हसलो.
डॉक्टर हसल्या नाहीत.
खरंच की, म्हणाल्या, तुम्हाला कधी तपासलंच नाही.
त्यांना काय सांगू, दर खेपेला
मी किती शिताफीनं स्टेपनी बघायला सटकलोय.
वडील पिवळे पडून गेले.
भाऊ पिवळा पडून गेला.
हिशेब मलाही येतो.

झोपलो. सदरा वर केला.
जेल कोमट लागलं.
माझीच ऊब, मलाच परत.
पडद्यावर करडं काहीतरी हललं,
पहाटे धुक्यात कळप उठतो तसं.
आमच्या भाषेत सख्ख्यांना
एका काळजाची माणसं म्हणतात,
आणि ते काळीज म्हणजे छातीतलं नव्हे,
हे, बरगडीखालचं,
जिथे डॉक्टरांचा हात आत्ता थांबला.
पुढे गेला. मागे आला.
पुन्हा तिथेच.
चुलीत वाळलं शेण तडतडलं.
दुलमाच्या हातातली पळी भांड्यावरच राहिली.
शहरात गेलो की, डॉक्टर म्हणाल्या,
पुढचं वळण कुठलं, असं विचारावं तशा आवाजात,
एक दिवस माझ्यासोबत दवाखान्यात थांबा.

मग म्हाताऱ्यानं मुकाट्यानं टोपी काढली
आणि माझ्या उबेच्या जागेवर आडवा झाला.
त्याचं सगळं स्वच्छ निघालं.
निघेपर्यंत त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही,
माझं काही उचलून घेतल्यासारखा.

निघणाऱ्याच्या मागे दूध शिंपडतात आमच्यात,
वाट पांढरी व्हावी म्हणून.
दुलमानं आज पळीभर जास्तच उडवलं.
मागच्या काचेवर थेंब पडले, पडताच गोठले.
मी ते पुसले नाहीत.

खिंडीत गाडी थांबवली.
फेऱ्या घातल्या, तिन्ही.
दगड मिळेना, सगळे बर्फाखाली.
बोटांनी उकरून एक काढला, अंड्याएवढा.
डॉक्टर काच खाली करून बसल्या होत्या, त्या थंडीत,
लवकर चला म्हणाल्या नाहीत.

बाटली चाचपली. अर्धी उरली होती.
उद्या पाच तंबू आहेत,
पुरवून वापरावी लागेल.