निदान

मार्चपासून उजवीकडे वळताना
खांद्यातून एक कळ कोपरापर्यंत उतरायची.
मी म्हणालो, वय.
बायकोला म्हणालो, उशी बदल.

अठ्ठावीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
भावाभावांच्या बांधावर
ह्याच हातानं केसाएवढी रेघ ओढली.
तोच हात बाजार समितीच्या फाटकात
दोनदा अडकला, अर्ध्या वळणात,
मागे कापसाचा टेम्पो हॉर्न दाबून बसलेला.
मंजुळा काही बोलली नाही.
ती बोलत नाही म्हणजे तिनं पाहिलेलं असतं.

पारोळ्यात अमळनेर नाक्यावर
हिलाल मिस्तरीचं गॅरेज,
पत्र्याखाली मे महिना.
मी गेलो होतो वायपर बदलायला.
गाडी लावताना त्यानं मला बघितलं असणार,
दोन्ही हातांनी, दात आवळून.
"कितला दिन व्हयनात?"
कशाला?
"हाई जड व्हवाले."

आधी त्यानं टायरची हवा पाहिली.
मग पुढची चाकं जॅकवर उचलली,
इंजिन बंद, आणि स्टीअरिंग फिरवलं:
दोन्ही चाकं वळली
हाक ऐकून गाईनं मान वळवावी तशी.
"खालना भाग मोकळा शे."
अंगठ्यानं पट्टा दाबला. ताण ठीक.
मग म्हणाला, चालू करा, पूर्ण वळवा.

आणि बॉनेटखालून तो आवाज आला,
जो मी तीन महिने
रेडिओ मोठा करून झाकत होतो.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यानं पंपावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.
"पंप रडस. पन मरेल नई."

डबीचं झाकण काढलं. आत लाल तेल नव्हतं,
गुलाबी फेस होता,
रसवंतीच्या ग्लासावर चढतो तेवढा.
मी म्हणालो, अहो, गळत तर नाही,
रोज सकाळी खाली वाकून बघतो मी.
"गळस नई," हिलाल म्हणाला, "ओढस."

डबीकडून पंपाकडे जाणारा पाइप,
त्याच्यावरची क्लिप, सैल,
माझ्या करंगळीच्या नखाएवढी फट.
बाहेर थेंब नाही,
गाडी चालू असली की हवा तेवढी आत.
मी जन्मभर हद्दीबाहेर काय गेलं ते मोजलं.

नवी क्लिप, चाळीस रुपये.
मग भुऱ्या नावाचं पोरगं तेल ओतत राहिलं
आणि मिस्तरीनं मला सीटवर बसवलं.
इंजिन बंद. चाकं हवेत.
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.
बुडबुडे येईनात तोवर.
मी मोजत गेलो, साखळ्या मोजायचो तसा,
मोठ्यानं.
सतराव्या फेरीला भुऱ्या ओरडला, "खलास!"

चाकं खाली. इंजिन चालू.
एका बोटानं फिरलं.
मी हसलो, भुऱ्या हसला,
हिलालनं हात पुसले त्या फडक्याला
जे हातांहून काळं होतं.
वायपर राहूनच गेले.

घरी जाताना मंजुळा शेजारी.
रस्ता सरळ, मोकळा, लोण्यासारखं स्टीअरिंग,
जोर लावायला काहीच उरलं नव्हतं
आणि तेव्हा दिसलं:
उजव्या हाताची दोन बोटं
आपापली हलतायत,
इंजिनाशी त्यांचा काही संबंध नाही.
मी मूठ घट्ट केली.
सोडली.
परत तेच.

बराच वेळ ती काचेतून
तोडलेल्या निंबाचा बुंधा मागे जाताना बघत होती.
"निदान गाडी तरी हलकी झाली," म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"उद्या धुळ्याला जाऊन येऊ.
तुम्हीच चालवा."