आणखी एक एल

हिमनदीच्या कडेला आमची खोली:
दोन खाटा, एक शेगडी, एक काळा पडदा
आणि त्यावर लुकलुकणारी उभी रेघ.

तेमिरकुल बाइकेंनी शिकवलं तेव्हा
बाहेर उणे एकवीस होतं, आणि माझी बोटं
घोडीच्या मानेखाली धरून जागी केलेली.
म्हणाले, अक्मारल, एवढंच ध्यानात धर.
एलएस म्हटलंस की दिसतं बिश्केकचं कपाट.
त्याच्याआधी आणखी एक एल लावलास
की आपलं. इथलं.
पुट म्हणजे दे. गेट म्हणजे आण.
आणि हे यंत्र विचारत नाही, नक्की ना?
त्याला वाटतं, बाई शहाणी आहे.

पहिल्या आठवड्यात बाई शहाणी नव्हती.
मार्चचं बर्फ तिने फेब्रुवारीवर ओतलं.
अठ्ठावीस दिवस, एका एंटरखाली.
ते रागावले नाहीत. वही काढली,
पहाटेपर्यंत आकडे वाचत राहिले,
मी टाइप करत राहिले.

मग निवृत्त झाले. मुलाकडे, नवव्या मजल्यावर.
पासवर्ड मात्र कुणी काढून घेतला नाही.

एप्रिलच्या एका रात्री, खांबांची मापं पाठवून
सहज एलएस केलं, तर तापमानांच्या रांगेत
एक परकी फाइल: घोडी.
दोनशे सहा बाइट.
गेट.

"व्याली का? शिंगरू उभं राहिलं का?
तिसरा खांब कलला आहे,
वाचताना दोन सेंटिमीटर वजा कर."

मी पुट केलं:
"उभं राहिलं. पडलं. पुन्हा उभं राहिलं."

दीड वर्ष असं.
ढग आले की सॅटेलाइटचा धागा ताणायचा,
एकसष्ट टक्क्यांवर शिंगरू लटकून राहायचं
मी चहा करून येईपर्यंत.
त्यांच्याकडून यायचं: लिफ्ट बंद.
त्यांच्याकडून यायचं: इथला बर्फ काळा असतो.
एकदा नुसतीच रिकामी फाइल, शून्य बाइट,
नाव तेवढं होतं: झोप येत नाही.

काल सर्व्हरने दारातच अडवलं.
समोरच्याची ओळख बदलली आहे, ठसा जुळत नाही.
फोनवर स्तास म्हणाला, नवं मशीन बसवलं,
मोजमाप सगळं हलवलं,
फालतू होतं ते गाळलं. जुनी खातीही बंद.
मी म्हटलं, बरं.
पडद्यालाही येस म्हटलं, तिन्ही अक्षरं लिहून;
तिथे नुसती मान हलवून चालत नाही.

एलएस.
तारखा, तारखा, तारखा. झाडून लख्ख.

बोट जरा थांबलं.
मग आणखी एक एल.

घोडी. लिफ्ट. लिफ्ट पुन्हा. काळा बर्फ.
झोप येत नाही.
सगळं इथेच, उतरवून घेतलेलं,
एकही बाइट कमी नाही.

गुरुवारी पिठाचा ट्रक खाली जाईल.
वहीचं पान फाडलंय, पत्ता मात्र
नववा मजला एवढाच माहीत आहे.

तोवर आजचं माप.
तिसरा खांब: एकशे अठरा.
दोन वजा.
पुट.