पेन्सिलीचे ठिपके

माझ्या लॉगबुकात एकोणीसशे बारा तास आहेत.
त्यातले माझ्या हातांचे किती,
असं टोर्बयर्गने विचारलं तेव्हा
मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं;
जानेवारीत हामरफेस्टवर दुपारी तीनला
जितकं नसतं, तितकंच.

ती संत्रं सोलत होती. नुसत्या अंगठ्याने, सबंध साल एका पट्टीत.
मागे एकवीस माणसं, त्यांत एक दातांचा डॉक्टर,
झोपलेलं एक मूल,
आणि कुणाच्या तरी पिशवीतली सुकी मासळी,
जिचा वास दारातून आत येऊन बसला होता
तिसऱ्या वैमानिकासारखा.

विमान ऑटोपायलट उडवत होता.
म्हणजे मी उडवत होतो, कागदोपत्री.
मी बटण फिरवायचं, त्याने वळायचं.
सहा वर्षं आमचं बरं चाललं होतं,
कष्ट त्याचे, पगार माझा.

सोरोया बेटावर वारा आडवा आला.
कर्कश घंटी, लाल दिवा,
आणि गडी उठून गेला.
भर पंगतीतून आचारी निघून जावा, तसा.

योक हातात आला तेव्हा तो जिवंत होता.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असेलही, सिम्युलेटरात, दर सहा महिन्यांनी,
जिथे मेलं तरी नंतर कॉफी मिळते.
उजवीकडे वळवला, जास्त झालं.
डावीकडे, त्याहून जास्त.
मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं, किंवा बायकोचं.

टोर्बयर्गने संत्रं खाली ठेवलं.
वाटलं, आता घेईल.
नाही घेतलं.
"आवळू नकोस, एस्किल," म्हणाली. "धर."

दोन्ही एकच, असं मी आजवर समजत होतो.
करंगळी सोडली. मग तिच्या शेजारचं बोट.
तेव्हा कुठे वारा मनगटात येऊन
बोलायला लागला,
आणि मला त्यातलं निम्मं तरी कळलं.

चाकं टेकली, एक आधी, एक मागाहून.
देखणं नव्हतं.
उतरताना डॉक्टर म्हणाला,
आज यंत्राचं काही बिनसलं होतं वाटतं.
मी हो म्हटलं.

लॉगबुकात हातांसाठी रकाना नसतो.
समासात पेन्सिलीने अकरा ठिपके दिले,
अकरा मिनिटांचे.

टोर्बयर्ग मार्चअखेर निवृत्त होतेय.
हल्ली आभाळ निवळ असलं की
उतरणीला लागताना मी विचारतो, बंद करू?
ती उत्तर देत नाही.
पिशवीत संत्रं चाचपते.