कमावलेली कातडी

आमच्या मियो गावात मुलींना आधी कातडं वाचायला शिकवत,
मग अक्षरं.
चौदाव्या वर्षी मी त्या बाकावर बसले,
लार्झाकच्या पठारावरचं कोकरू बोटांत धरून:
मान कुठे ताठ, पोट कुठे सैल,
जिवंतपणी कुठल्या काट्यानं ओरखडलं होतं.
ओलं करायचं, ताणायचं, सोडायचं, पुन्हा ताणायचं,
ते ‘बास’ म्हणेपर्यंत.
आडवं ताणलं तर देतं, उभं ताणलं तर हट्ट धरतं.
सगळा हातमोजा या हट्टावर उभा असतो.

तर मला काय सांगता, डॉक्टर काझाल्स,
माझं कातडं आता देत नाही म्हणून?
बोटं आधी पांढरी पडली, मग निळी, मग लाल
(आमचा झेंडाच, फक्त क्रम चुकलेला).
मग ती आखडली, चकाकू लागली.
तोंड इतकं आवळलं
की सफरचंद मी चमच्यानं खरवडून खाते.
तुम्ही म्हणता स्क्लेरोडर्मा.
मी म्हणते, मला कोणीतरी आतून कमावतंय
आणि त्याला हे काम येत नाही.

त्यात ही स्तनातली गाठ. वाटाण्याएवढी.
वाटाणा काढला.
उरलेल्या जागेवर किरण द्यायचे का,
यावर मॉंपेलियेत पाच माणसं टेबलाभोवती बसली.
“तुमच्यासारख्यांची त्वचा, मादाम आल्रिक,
कधी चारचौघांसारखीच सोसते.
कधी वर्षा-दोन वर्षांनी दगड होते.
कोणाची कुठली, आधी कळत नाही.
कागदावर माणसं फार थोडी आहेत.”
नाहीतर सबंध स्तनच काढू, तेही एक.
व्यापारी दोन कातडी समोर टाकतो
आणि आपण खिडकीबाहेर बघतो, तसं झालं.

मी त्यांचे हात बघत होते.
साडेसात नंबरचा हात, मोजा आठचा.
बोटांच्या टोकाशी रबराची सुरकुती.

द्या किरण, म्हटलं.
धाडस नव्हे ते. कातडीबचाऊपणा
मला कधी जमलाच नाही, इतकंच.

पंचवीस फेऱ्या.
काद्दूरच्या टॅक्सीतून दीड तास जायचं,
सहा मिनिटं झोपायचं, दीड तास परत.
पहिल्या दिवशी माएलनं शाईचे तीन ठिपके गोंदले.
खूण आधी, कात्री नंतर: हे मला पटलं.
हात डोक्यावर जाईना,
तर कोपराखाली तिनं तिचाच स्वेटर घडी करून सरकवला.
चौदाव्या दिवशी लाल. एकोणिसाव्याला ओलं.
काद्दूरनं सीटचा पट्टा टॉवेलात गुंडाळून ठेवला,
काही न विचारता. परतीला रेडिओ लावला नाही.

मग लाली गेली. सगळे खूश.
मी नाही.
पहिल्या आठवड्यात कुठलंही कातडं छानच दिसतं.

अकराव्या महिन्यात खालच्या कडेनं सुरुवात झाली.
फळीवर खिळे मारून वाळत टाकलेलं,
आणि काढायला विसरलेलं.
कपाटाचा वरचा खण गेला.
जिन्यात, सातव्या पायरीवर, श्वास थांबून विचारतो: पुढे?

काझाल्सनी या खेपेस मोजा काढला.
उघड्या बोटांनी कडा चाचपली, सावकाश.
“नऊ सेंटिमीटर.”
दहा, मी म्हटलं.
त्यांनी पट्टी आणली. दहा.
गाठ मात्र कुठेही नाही, ते म्हणाले,
आणि हे सांगताना माफी मागितल्यासारखे दिसले.

घरी काचेच्या कपाटात माझे बेचाळीस जोड आहेत.
एकही आता मला होत नाही.
थंडीत लोकरीची पिशवी चढवते,
चार बोटांना मिळून एक खोली,
शिलाई बघवत नाही अशी.
बाजारात जुन्या कारखान्यातलं कोणी दिसलं
की हात खिशात.