दुधाचा दात

आत जायच्या आधी अंगावर इतकं चढवायचं
की कुळधर्माचं सासूबाईंचं सोवळंही सैल वाटावं.
हातमोजे दोन, एकावर एक. तोंडावर पट्टी. पायांत पिशव्या.
टेबल ब्लीचनं पुसायचं, मग पुन्हा पुसायचं.
विटाळ माझाच आहे:
माझी एक शिंक
सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला इंदूरकर करून टाकेल.

डब्यात अकरा दात,
दूरच्या एका खिंडीतल्या दफनभूमीतून आलेले.
तिथून उंटांचे तांडे जायचे, रेशीम, मिरी, कातडी घेऊन,
आणि एका उन्हाळ्यात
खड्डे खणणारे कमी पडले.

सात नंबरची दाढ. बाईची, तिशीतली.
ड्रिल सावकाश. तापलं तर गेलं.
मुळाच्या पोकळीत एकेकाळी रक्त फिरायचं;
तापाच्या शेवटच्या रात्री त्यात जे होतं
ते तिथंच सुकून राहिलं.
भुकटी निघते पन्नास मिलिग्रॅम,
पोह्यांवर भुरभुरतो त्या जीरावणाहून कमी.

मशीनपासून अंजुम ओरडते,
"डॅमेज अच्छा आ रहा है, मॅडम."
आमच्याकडे ही आनंदाची बातमी.
जुनं असतं ते टोकांना विरतं,
सी होता तिथं टी वाचला जातो,
घडीवर झिजलेल्या मोडी कागदासारखं.
जे अखंड, सुवाच्य
ते आजचं: माझं, अंजुमचं, नाहीतर कुरिअरवाल्याचं.
फाटलेलं तेवढंच खरं.

मग एकेक अक्षर जुळवत बसायचं.
नकलणाऱ्यानं एकदा चूक केली
की त्यावरून उतरलेल्या सगळ्या पोथ्यांत ती येते.
तशा चुकांवरून लावायचा माग,
हिचा ताप कुठल्या मुक्कामाहून आला,
हिच्यानंतर कुठल्या बंदरात उतरला.
रोगाची वंशावळ निघते, फांदी फांदी.
बाईचं नाव निघत नाही.

आमच्या घरी उलटं.
पणजोबांच्या खर्चाच्या वहीत नाव आहे, मथू,
त्यांची धाकटी बहीण, वय नऊ,
आणि दात नाही.
तूप, सुंभ, गाडीभाडं यांच्यामध्ये एक ओळ:
"मथूस काखेत गाठ. बिऱ्हाड शहराबाहेर झोपडीत नेले."
चार दिवसांनी लाकडं आणि गोवऱ्यांचे पैसे मांडलेत.
खाली बेरीज.
बरोबर आहे, मी तपासली.
राख खान नदीनं नेली.
आमची माणसं अशी जातात
की ड्रिल लावायला काही ठेवत नाहीत.

पण नऊ वर्षांची होती ना.
म्हणजे सात-आठ दात त्याआधीच पडले असणार.
मल्हारगंजातल्या घरात, भिंतीच्या बिळाशी वाकून,
मूठ उघडून म्हणाली असणार,
उंदीरमामा, उंदीरमामा,
माझा दात घे, तुझा दात दे.

मामानं घेतला.
मग एका सकाळी
मामाच माजघरात आला, भर उजेडात,
स्वतःभोवती गरगर फिरला
आणि पडला.
मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
मथूला बहुतेक वाटलं असेल, दात परत द्यायला आलाय.

ते घर रस्ता रुंद करताना गेलं.
रोज तिथून स्कूटरवर जाते.
पुढे कचऱ्याची गाडी, तिचं ते गाणं,
मागे माझ्या नावानं हॉर्न.
गटारासाठी कुणी खणलेलं असलं
तर मी मातीकडे बघते जरा.

मिळाला तरी सिद्ध काही होणार नाही,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
तो दात साथीच्या आधी पडलेला.
त्यात रोग नसेल.
नुसती मथू असेल.