साठ फ्रँक

युगेत आधी किंमत सांगत नाही.
आधी चावी देते.
मग कॅमेरा कानाशी धरते, भिंतीपलीकडचं भांडण
ऐकावं तसा, आणि मोजते.
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.
तिसाच्या आत स्प्रिंग दमली तर चाळीस फ्रँक उणे.
शेवटी सूर घसरला तर आणखी वीस.
एकतीस वर्षं तिनं याच गावच्या कारखान्यात
याच स्प्रिंगा गुंडाळल्या.
"ही जेवणानंतरची," म्हणते कधी,
"हात जड झालेला कळतो."
खरं की थाप, मी विचारलं नाही.

शनिवारचा जुना बाजार, चर्चमागचं पटांगण,
ज्युराच्या डोंगरांतून बोटं बधिर करत येणारा वारा.
टेबल माझं, माल माझा, निवाडा तिचा.
चामडी पेटीची शिवण उसवलेली: पाच कमी.
लाइट मीटरचा काटा मेलेला?
"सगळ्यांचाच मेलाय. सुतक किती दिवस पाळायचं?"
झाकणाच्या आत कुणाचं नाव कोरलेलं असलं
की गिऱ्हाईक म्हणे, उतरवा थोडं.
ती म्हणे, नावाला मी हात लावत नाही.
ना चढ, ना उतार.

मार्चमध्ये लोबेरसाँहून मादाम ज्युनो आल्या.
नवऱ्याचा कॅमेरा, आंघोळीच्या टॉवेलात.
युगेतनं ऐकलं. चौतीस. झकास.
पण पेटी नाही, बुडाला पोचा, भिंगावर धुकं.
धुकं भिंगावर होतं की तिच्या डोळ्यांत
(मोतीबिंदूचं ऑपरेशन ती दोन वर्षं पुढं ढकलत होती)
ते तिला कळलं नाही.
मला कळलं.
कड्यावरची बारीक अक्षरं मी वाचली होती.
कानाला भिंग ऐकू येत नाही.
"साठ," ती म्हणाली.
मी साठ मोजून दिले.
नोटा कोऱ्या होत्या, एवढं आठवतं.

जिनिव्हात त्याचे नऊशे आले.

नऊशेची पावती खिशात घेऊन माणूस
फार दिवस गप्प राहत नाही.
मी बायकोला सांगितलं, बायकोनं पावाच्या दुकानात.
पुढच्या शनिवारी युगेत आली,
एकाही कॅमेऱ्याला चावी दिली नाही,
नुसता हात पुढं केला.
"नऊशे वजा साठ. निम्मे तुझे,
तुझंही पेट्रोल जळतं.
निम्मे दे. चारशेवीस."
दिले. बाजार चालू असताना टेबलावर चादर टाकली
आणि दोघं बसनं लोबेरसाँला गेलो.
वाटेत बर्फ उतरणीला लागलेला, काळपट, कुत्र्याच्या नाकासारखा.
ती काही बोलली नाही.

मादाम ज्युनोंनी पाकीट उघडलं, मोजलं,
पुन्हा मोजलं, आणि बोटानं आमच्याकडं सरकवलं.
"साठ मला त्या दिवशी हवे होते.
दात दुखत होता.
आज दुखत नाही."
युगेत म्हणाली, माझी चूक झाली, बाई.
त्या म्हणाल्या, चूक कसली,
मी मनात चाळीसच धरले होते.
कॉफी आली. साखर विचारली.
पाकीट बशीशेजारी तसंच.

निघताना दारात त्यांनी विचारलं,
"आत फिल्म होती का हो?
त्यांनी शेवटचं काय धरलं होतं, मला माहीत नाही."

होती.
काटा अकरा मीटरवर होता.
जिनिव्हाच्या आदल्या रात्री, दिव्याखाली, मी झाकण उघडलं,
बोटांना चिकटणारी ती पट्टी ओढून काढली
आणि बटाट्याच्या सालींवर टाकली.
उजेड लागलेल्या फिल्मला कोण विचारतं?
तिचा भाव आमच्या टेबलावर कधी ठरलाच नाही.

"नव्हती," मी म्हणालो.

युगेतनं माझ्याकडं पाहिलं नाही.
फक्त मान थोडी कलती केली,
कान माझ्या बाजूला,
आणि मला तिचे ओठ हलताना दिसले:
एक, दोन, तीन, चार.