सहा मीटरची दोरी

सावळजच्या अलीकडं, ओढ्याच्या पुलापाशी
जीप थांबते. क्लस्टर एकोणचाळीस.
पन्नाशीच्या पुढची पन्नास माणसं,
एक तक्ता, एक टॉर्च, भोकं पाडलेली काळी पट्टी
आणि ही माझी दोरी,
दोन्ही टोकांना गाठ, मधे
मिरजेपासूनची धूळ.

तक्त्यावर एकच अक्षर, फिरवून फिरवून.
आम्ही त्याला ई म्हणायला शिकलो.
"दाताळं हाय की हे," पहिल्याच घरी हिंदुराव म्हणाले,
आणि दुपारपर्यंत माझ्याही तोंडात तेच बसलं:
मावशी, दाताळ्याचे दात कुणीकडं?
वर. खाली. टाकीकडं. मारुतीकडं.
डावं-उजवं इथं कुणी सांगत नाही.

हिंदुरावांचे दोन्ही डोळे अधू.
तीस वर्षं गुंटूरला गलाईच्या भट्टीसमोर.
"सोनं वितळताना एकटक बघायचं असतंय, मॅडम.
पापणी लवली की गुंजभर गेलं."
फॉर्मवर याला एक रकाना आहे: इतर.

मग बेदाण्याचं शेड.
गंधकाची धुरी घशात उतरते,
बायका ओळीनं, पुढ्यात पराती,
हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा,
आणि काट्यापाशी मुकादम, कानात फोन.

शालन रेवण गुरव. वय?
"दुष्काळात सुकडी खाल्ली, तवा दुधाचं दात पडत व्हतं."
मी साठ लिहिते, पुढे कंसात अंदाजे.
दोरीच्या त्या टोकाला ती ताठ उभी.
दात कुणीकडं?
बरोबर. बरोबर. पुन्हा बरोबर.
सहा-बारा, दोन्ही डोळे.

पण टॉर्च मारला
तर दोन्ही बाहुल्यांत दही लागलेलं.
असले डोळे सहा-बारा वाचत नाहीत.
मी इरफानकडं पाहिलं,
इरफाननं ओळीकडं.
तिथं सुभद्रा खोकत होती.
एकदा म्हणजे वर, दोनदा म्हणजे खाली,
परात सरकली की टाकी,
बांगडी वाजली की मारुती.
धुरीच्या शेडात खोकला कोण मोजतंय?

मी तक्ता उलटा केला. कोरी बाजू.
दात कुणीकडं?
शेड गप्प.
बऱ्याच वेळानं शालन म्हणाली,
"पडलं वाटतं समदं त्याचं."
सगळ्या हसल्या, मीही हसले,
मग कुणीच हसेना.

"हळू बोला," तिनं काट्याच्या दिशेनं हनुवटी केली.
"बोटाला कळतंय मला. काळा चिकाट लागतोय.
हिरव्या-पिवळ्याचा तेवढा घोळ हुतोय,
तो ही हौसा काढती माझ्या परातीतनं."
दोन हंगाम.
दोन हंगाम ही ओळ तिच्यासाठी बघतेय
आणि हजेरीत सात जणी, सातही डोळस.

ऑपरेशन का केलं नाही?
पर्याय चार: पैसे नाहीत, भीती वाटते,
सोबत कुणी नाही, गरज वाटली नाही.
"सोबत? ह्या काय मेल्या व्हय?"
मग जरा थांबून,
"पंधरा दीस घरी बसले
तर माझ्या जागी दुसरी बसंल, बाई."
पेन्सिल चारही चौकटींवरनं फिरून आली.
पुण्याला कुणीतरी माझी खूण मोजेल,
कुठली ते अजून मलाही माहीत नव्हतं.

मिरजेची चिठ्ठी दिली. मंगळवारी गाडी येईल.
"मंगळवारी माल भरायचाय."
"तू जा गं," सुभद्रा म्हणाली,
"तुझी परात आमी वाटून घेऊ,
मुकादमाला म्हणू शालनला जुलाब लागल्यात."
"पंधरा दीस?"
"मग काय. लई खाल्लं म्हणू."

शालननं चिठ्ठी घडी करून
पानाच्या चंचीत घातली. जाईल का, माहीत नाही.
मी दोरी झटकली, पुन्हा ताणली.
यादीत पुढचं नाव: हौसा जगताप, अठ्ठावन्न,
शालनच्या उजवीकडची,
तिच्या परातीतला घोळ निवडणारी.

सुभद्राला मी बाहेर पाठवलं, पाणी आणायला.
तक्ता धरला.
हौसाबाई, दात कुणीकडं?

ती काहीच बोलली नाही.
मान जराशी कलती केली,
ऐकायला.